दोघींचे बारसे

मुलाचे नाव ठेवायला आपल्याकडे पाळणा लागतो, कानात कुर्र करायला आत्या लागते, घुगऱ्या लागतात, आणि पाठीत धपाटे घालायला जमलेल्या साऱ्याजणी लागतात. अमेरिकेत धंद्याचे नाव ठेवायला काय लागते, ठाऊक आहे? पन्नास डॉलर, एक नोटरी आणि लागोपाठ तीन आठवडे वर्तमानपत्रात छापलेली नोटीस! हे मी ऐकीव सांगत नाही. वयाच्या साठीत, नातवंडांची बारशी जेवायच्या दिवसांत, मी माझ्या धंद्याचे बारसे केले, आणि ते करताना 'नाव' या दोन अक्षरांत काय काय दडलेले असते ते मला प्रथमच कळले. म्हणून ही हकीकत.

आम्ही शिकागोजवळच्या एका उपनगरात राहतो. मी मूळची पुण्याची. १९८७ साली लग्न होऊन इकडे आले. 'हे' इंजिनियर होते, आता निवृत्त झाले आहेत. मुले आपापल्या गावी गेली. घर मोठे, माणसे दोन, आणि स्वयंपाकघरात चार शेगड्या. दरवर्षी दिवाळीला मी सवयीने दहा माणसांचा फराळ करी आणि मग तो संपवायचा कसा याची आम्ही दोघे होळीपर्यंत चिंता करीत बसू.

अशात आमच्या शेजारच्या इमारतीत एक नागपूरकर जोडपे राहायला आले. मुलगा संगणकाच्या कंपनीत, आणि ती नागपूरला एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवीत असे. पहिल्याच भेटीत तिने माझ्या चकलीचा तुकडा तोंडात टाकला, डोळे मिटले, आणि म्हणाली, “काकू, राग नका मानू, पण मोहन कमी पडलं.”

पुण्याच्या बाईला चकलीतले मोहन शिकवायचे म्हणजे धाडसच! पण दुसऱ्या दिवशी तिने स्वतः भाजणी करून आणली, माझ्याच ओट्यावर माझ्याच सोऱ्याने चकल्या पाडल्या, आणि मी निमूटपणे हार मानली. तशी काटेरी, खुसखुशीत, तोंडात ठेवताच विरघळणारी चकली मी माझ्या आईनंतर खाल्ली नव्हती. पुढे माझा पातळ पोह्यांचा चिवडा आणि तिची चकली अशी जोडीच ठरून गेली. २०२२ च्या गणेशोत्सवात आम्ही ओळखीच्या चार घरी आमचे जिन्नस वाटले. डब्यावर चिठ्ठी कोणती लावायची? ती म्हणाली, “काही नाही, लिहा 'दोघी'.” म्हणून लिहिले, 'दोघी फराळ'.

लोकांनी विचारायला सुरुवात केली, विकत देता का? आमच्या इलिनॉय राज्यात घरच्या स्वयंपाकघरात केलेले काही ठराविक खाद्यपदार्थ विकायला कायद्याने मुभा आहे. २०२२ च्या जानेवारीपासून ती मुभा पुष्कळच सैल झाली. पूर्वी मुख्यतः शेतकरी बाजारात विकता येई, ते आता घरूनही विकता येऊ लागले. त्यासाठी स्थानिक आरोग्य खात्याकडे नोंद करावी लागते, अन्नाच्या सुरक्षिततेचा एक अभ्यासक्रम पुरा करावा लागतो, आणि डब्यावर आतले जिन्नस लिहून हे तपासणी न झालेल्या घरगुती स्वयंपाकघरात तयार झाले आहे असे स्पष्ट छापावे लागते. दुधातुपाच्या पदार्थांचे नियम बरेच कडक आहेत, म्हणून पेढे-बासुंदीच्या वाटेला मी गेलेच नाही. ही नोंद मी वसंत ऋतूतच माझ्या नावावर करून ठेवली होती. हातखर्चापुरता उद्योग, दुसरे काय!

चेक आला आणि परत आला

सप्टेंबरच्या मध्याला गावच्या सार्वजनिक वाचनालयातून फोन आला. त्यांना दिवाळीचा कार्यक्रम करायचा होता. तीस पाकिटे हवी होती. संस्थेचा कारभार, त्यामुळे पैसे आगाऊ आणि चेकने. चेक आला. त्यावर सुबक टंकलिखित अक्षरांत नाव होते, 'दोघी फराळ', आणि रक्कम तीनशे डॉलर.

मी आणि नागपूरकरणीने तो चेक हळदकुंकू लावून देवापुढे ठेवला. निम्मे निम्मे ठरलेलेच होते. तिने तर दीडशे डॉलरांत काय काय घ्यायचे याची यादीही केली होती, आणि त्या यादीत पहिली वस्तू होती आईला नागपूरला पाठवायची पैठणी.

दुसऱ्या दिवशी मी बँकेत गेले. खिडकीमागच्या मुलाने चेक उलटासुलटा पाहिला आणि नम्रपणे विचारले, “ही दोघी फराळ कोण?”

“मीच,” मी म्हणाले.

“पण तुमच्या ओळखपत्रावर तर दुसरेच नाव आहे.”

आता त्याला काय समजावणार! त्याने चेक परत सरकवला आणि सांगितले, काउंटीच्या क्लार्ककडून धारण केलेल्या नावाचे प्रमाणपत्र आणा, मग या नावाने खाते उघडू.

'धारण केलेले नाव' हा शब्दप्रयोग मी प्रथमच ऐकला. तुमचे खरे नाव एक आणि धंदा दुसऱ्याच नावाने, असे असेल तर त्या दुसऱ्या नावाला इथे म्हणतात 'असूम्ड नेम'. मला हसू आले. अहो, मी तर पस्तीस वर्षे धारण केलेल्याच नावाने जगते आहे! लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने यांनी नवे नाव लिहिले आणि त्या क्षणी माहेरची मी संपले. आडनाव गेले, वडिलांचे नाव गेले, बारशाचे नावही गेले. तेव्हा नोटरी नव्हता की वर्तमानपत्रात नोटीस नव्हती. पेढे वाटले आणि झाले.

कायदा काय म्हणतो

घरी आल्यावर यांनी चष्मा लावून सगळा कायदा वाचून काढला. निवृत्त इंजिनियराला याहून सुखाची दुपार ती कोणती! त्यांनी जेवणाच्या टेबलावर मला जे समजावले ते वाचकांच्या उपयोगी पडेल म्हणून थोडक्यात देते.

इलिनॉयचा हा कायदा १९४१ सालचा. एकटा माणूस किंवा चार भागीदार आपल्या खऱ्या पूर्ण नावाखेरीज दुसऱ्या कोणत्याही नावाने धंदा करीत असतील, तर त्यांनी आपल्या काउंटीच्या क्लार्ककडे तशी नोंद केली पाहिजे. काउंटी म्हणजे आपल्याकडचा जिल्हा समजा. आमची कुक काउंटी. कंपनी काढली असेल तर मात्र हे दार नव्हे. तिची नोंद राज्य सरकारकडे होते. म्हणूनच साध्या धंद्याच्या नावापुढे 'इन्कॉर्पोरेटेड' वगैरे शेपट्या लावता येत नाहीत.

अर्जात धंद्याचे नाव, पत्ता, आणि धंदा करणाऱ्या प्रत्येकाचे खरे नाव व घरचा पत्ता लिहायचा. नोटरीसमोर सह्या करायच्या. अर्ज दिल्यापासून पंधरा दिवसांच्या आत वर्तमानपत्रात पहिली नोटीस आली पाहिजे. ती आठवड्यातून एकदा अशी लागोपाठ तीन आठवडे छापायची. आणि छापल्याचा दाखला अर्जाच्या तारखेपासून पन्नास दिवसांत कचेरीत पोचवायचा. नाही पोचवला तर नोंद रद्द. आणि नोंद न करताच धंदा चालवला तर तो किरकोळ का होईना पण गुन्हा, आणि प्रत्येक दिवस हा वेगळा गुन्हा!

“म्हणजे गणपतीपासून आजपर्यंत तू किती गुन्हे केलेस ते मोजू का?” यांनी विचारले.

“मोजा,” मी म्हणाले, “आणि त्यात तुम्ही खाल्लेला चिवडाही धरा.”

दुसऱ्या राज्यांत तऱ्हा निराळ्या आहेत. कॅलिफोर्नियात याला 'काल्पनिक नाव' म्हणतात; तिथे नोटीस चार आठवडे छापावी लागते आणि नोंद पाच वर्षांनी संपते. टेक्सासात ती दहा वर्षांपर्यंत चालते. पण सगळीकडे मुद्दा एकच: पाटीवर काहीही लिहा, पाटीमागे कोण उभे आहे ते लोकांना कळले पाहिजे. उधारी देणाऱ्याला, माल घेणाऱ्याला, पोट बिघडले तर फिर्याद करणाऱ्याला माणूस सापडला पाहिजे. इंग्लंडने असा कायदा १९१६ साली, पहिल्या महायुद्धाच्या धामधुमीत केला. इंग्रजी नावाच्या पाटीमागे शत्रुराष्ट्राचा मालक तर नाही ना, हे त्यांना हुडकायचे होते. पुढे तिथली ती नोंदवही १९८० नंतरच्या काळात बंदही झाली. अमेरिकेत मात्र ती काउंटी-काउंटीतून अजून चालू आहे.

आपल्याकडे नुसत्या नावासाठी अशी वेगळी वही नाही. महाराष्ट्रात दुकान काढणाराला पूर्वी १९४८ च्या कायद्याखाली दुकानाची नोंद करावी लागे; आता २०१७ च्या कायद्याखाली ती नोंद, किंवा दुकान लहान असेल तर नुसती सूचना, द्यावी लागते. जुनी माणसे त्याला अजून 'गुमास्ता' म्हणतात. त्या कागदावर दुकानाचे नाव आणि मालकाचे नाव शेजारी शेजारी येते, आणि बँकेत खाते उघडायला तोच कागद कामी येतो. टोपणनावाने धंदा करणाऱ्यावर त्या टोपणनावानेच दावा लावण्याची सोय मात्र आपल्या १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेत आहे. म्हणजे पाटीमागे लपता येत नाही, हे आपल्या कायद्यालाही मान्य आहे.

मराठीची गंमत पाहा. 'नाव ठेवणे' म्हणजे बारसे करणे, आणि 'नावे ठेवणे' म्हणजे दोष काढणे. या कायद्याचे सार मी यांना असे सांगितले: नाव काय हवे ते ठेवा, पण नावे कोणाला ठेवायची ते लोकांना आधी सांगा. यांना ते फार आवडले. त्यांनी फोन करून मुलाला ऐकवले. मुलगा 'हो बाबा' म्हणाला.

रानटी कुत्र्याचे खाणे

अर्जावर नाव इंग्रजी अक्षरांत लिहायचे होते. मी लिहिले. डी, ओ, जी, एच, आय. नंतर एफ, ए, आर, ए, एल. संध्याकाळी शेजारची अमेरिकन आजी आली होती, तिला मोठ्या कौतुकाने दाखवले. तिने चष्मा सावरून वाचले, “डॉगी फेरल?”

डॉगी म्हणजे कुत्रे. आणि फेरल म्हणजे माणसाळलेले नसलेले, रानटी, उकिरड्यावर हिंडणारे! माझ्या पोह्यांच्या चिवड्याला आणि नागपूरच्या चकलीला या देशात 'रानटी कुत्रे' हे नाव मिळणार होते.

“काकू, बदलून टाका,” नागपूरकरीण हसून हसून बेजार झाली. पण चेकवर हेच नाव होते, आणि खरे सांगायचे तर आम्हा दोघींचाही त्या नावावर जीव जडला होता. काउंटीच्या वहीत हे नाव आधी कोणी घेतले आहे का, ते यांनी शोधून पाहिले. नव्हते. कोण घेणार! इथे एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवावी. अशी नोंद केली म्हणून नाव तुमच्या मालकीचे होत नाही. त्या नावाने धंदा कोण करतो एवढीच ती नोंद. मालकी हवी तर ट्रेडमार्कचा रस्ता वेगळा.

दुसरी कोण?

अर्जाचा एक रकाना अजून रिकामा होता. 'धंदा करणाऱ्या सर्व व्यक्तींची खरी नावे.' सर्व व्यक्ती म्हणजे दोघी. पण नागपूरकरीण गेले दोन दिवस तो विषय टाळीत होती. तिसऱ्या दिवशी सकाळी तिचा फोन आला.

“काकू, तुमचं एकटीचंच नाव टाका ना. चकल्या मी करूनच राहिली आहे. पैशाचं काय, हातात द्याल तेव्हा द्याल.”

मला वाटले, संकोचते आहे. आणि माझे स्वार्थी मन म्हणाले, बरेच झाले. एकच नाव, एकच सही, कटकट कमी. मी एकटीचे नाव लिहिले आणि अर्ज घेऊन नोटरीकडे गेले.

नोटरीबाई प्रेमळ होत्या. माझे ओळखपत्र पाहिले, शिक्का काढला, आणि सहज गप्पांच्या ओघात विचारले, “फार वेगळे नाव आहे. काय अर्थ याचा?”

“दोघी म्हणजे दोन बायका,” मी सांगितले.

“अरे वा! मग दुसरी कोण?”

प्रश्न साधा होता. त्यांना त्यात काही खोच काढायची नव्हती. सही ओळखपत्रातल्या माणसाचीच आहे ना, एवढेच त्यांचे काम. पण माझ्या हातातली लेखणी थांबली. समोर कागदावर छापले होते की वर लिहिलेले खरे आहे. आणि माझ्या डोळ्यांपुढे आल्या त्या चकल्या पाडताना झरझर फिरणाऱ्या दोन मनगटांतल्या हिरव्या बांगड्या. मी म्हणाले, “मी उद्या येते,” आणि अर्ज पिशवीत घालून परत फिरले.

मी सरळ तिच्याच घरी गेले. चहा ठेवता ठेवता तिने मला सगळे सांगितले. ती इथे आली ती नवऱ्याच्या व्हिसावर, त्याच्यावर अवलंबून असलेली पत्नी म्हणून. या व्हिसावर नोकरी करता येत नाही, आणि धंदाही नाही. २०१५ पासून अशा काही बायकांना कामाचा परवाना मिळू लागला आहे, पण त्यासाठी नवऱ्याच्या कायम वास्तव्याच्या प्रकरणातला एक ठराविक टप्पा मंजूर व्हावा लागतो. तिच्या नवऱ्याचा तो व्हायचा होता. तिने वकिलाला विचारले होते. वकिलाने सांगितले होते, नाव नको, भागीदारी नको, हातात पैसे तर मुळीच नकोत, आणि फुकट राबलीस तरी तेही अंगाशी येऊ शकते.

“मग मला कालच का नाही सांगितलंस?” मी रागानेच विचारले.

ती बराच वेळ चहाच्या कपाकडे पाहत राहिली. मग म्हणाली, “काकू, नागपूरला माझ्या नावाची पाटी होती, स्टाफरूमच्या कपाटावर. इथे घराच्या करारावर त्यांचं नाव, विजेच्या बिलावर त्यांचं, गाडीवर त्यांचं. तीन वर्षं झाली, माझं नाव लिहिलेला एक कागद नाही इथे, पासपोर्ट सोडून. त्या डब्यावर 'दोघी' लिहिलं ना, तर वाटलं त्यातली एक मी आहे. नाव नसलं तरी आहे. ते सोडवेना, बाप्पा.”

मला काय बोलावे ते सुचेना. जो कायदा लपलेल्या माणसाला उजेडात आणण्यासाठी केला, तोच कागद तिच्या बाबतीत तिला उजेडात येऊ देत नव्हता. तिचे नाव घालावे तर तिचा आणि नवऱ्याचा इथला पाय घसरायचा. न घालता तिला राबवावे तर मी खोटे लिहून द्यायचे, आणि शिवाय तिच्या हाताची कमाई माझ्या नावावर खायची. तिसरा मार्ग एकच होता, आणि तो तिनेच बोलून दाखवला. “मी थांबते काकू. नाव तुम्ही ठेवा.”

“नाव 'दोघी'च राहील,” मी म्हणाले. “तुझी जागा राखून ठेवते.”

मग आम्ही दोघी रडलो. यांना हे कळले तेव्हा ते एवढेच म्हणाले, “बरे झाले परत आलीस.”

क्लार्क रस्त्यावरचा क्लार्क

पितृपंधरवडा संपू दिला आणि २६ सप्टेंबरला, घटस्थापनेच्या दिवशी, आम्ही शिकागोला गेलो. कुक काउंटीची कचेरी उत्तर क्लार्क रस्त्यावर ११८ क्रमांकाच्या इमारतीत आहे. क्लार्कची कचेरी क्लार्क रस्त्यावर! मराठीत सांगताना घोटाळा होतो, पण तो रस्ता जॉर्ज रॉजर्स क्लार्क नावाच्या सेनानीच्या नावाचा. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात बांधलेली, दर्शनी भागात प्रचंड खांब असलेली ती दगडी इमारत पाहून मला मुंबईच्या फोर्टातल्या जुन्या कचेऱ्यांची आठवण झाली.

आत गेल्यावर एक गोष्ट पाहून मात्र मी थक्क झाले. जन्माचे दाखले, लग्नाचे परवाने, मृत्यूचे दाखले आणि धंद्याची नावे, हे सारे एकाच खात्याचे काम! माझ्यापुढे रांगेत एक तरणे जोडपे लग्नाच्या परवान्यासाठी हातात हात घालून उभे होते. मागे एक गृहस्थ कोणाच्या तरी मृत्यूचा दाखला न्यायला आले होते, ते गप्प होते. मध्ये मी, चकल्या-चिवड्याचे नाव घेऊन. माणसाचे येणे, जोडीने राहणे आणि जाणे जिथे लिहिले जाते, तिथेच त्याचे पोट भरण्याचे नावही लिहिले जावे, हे मला त्या दिवशी फार योग्य वाटले.

खिडकीतल्या बाईंनी अर्ज तपासला, पन्नास डॉलर घेतले, नोटिशीचा नमुना हाती दिला. धंद्याचे नाव वाचून त्यांचे ओठ किंचित हलले, पण त्या हसल्या नाहीत. सरकारी नोकराचा हा संयम मला फार भावला.

नोटीस तीन गुरुवारी छापून आली, ऑक्टोबरच्या ६, १३ आणि २० तारखेला. कोपऱ्यात मुंगीएवढ्या अक्षरांत. मी तीनही अंक विकत घेऊन जपून ठेवले आहेत. साठ वर्षांत माझे नाव वर्तमानपत्रात छापून येण्याचा हा पहिलाच प्रसंग! पण नावाबरोबर घरचा पत्ताही छापून आल्यामुळे आठवडाभरात टपालाचा ढीग पडला. कोणी छापखानेवाला, कोणी विमेवाला, आणि एक तर सरकारी दिसणारे पत्र, 'अमुक डॉलर पाठवा, प्रमाणपत्र घरपोच देऊ.' यांनी ते वाचून केराच्या टोपलीत टाकले. असली पत्रे नव्या धंदेवाल्याला येतातच; त्यांना भुलू नये. छापल्याचा दाखला आम्ही वसुबारसेच्या दिवशी पाठवला आणि खरे प्रमाणपत्र भाऊबीज उलटून गेल्यावर हाती आले. मग बँकेतल्या त्याच मुलाने तोच चेक हसत ठेवून घेतला.

आणि फराळ? तीस पाकिटांच्या चकल्या मी एकटीने केल्या. पहिला घाणा मऊ पडला, दुसरा तेलात विरघळला, तिसऱ्याच्या धुराने घरातला भोंगा वाजू लागला आणि हे टॉवेल हलवीत घरभर धावले. नागपूरकरीण लक्ष्मीपूजनाला आली ती पाहुणी म्हणून. खुर्चीवर बसली, मांडीवर हात घट्ट धरून. ओट्यावरच्या सोऱ्याकडे तिने एकदा पाहिले आणि नजर वळवली. माझी चकली खाल्ली, आणि जन्मात प्रथमच म्हणाली, “छान झाली काकू.” तिने मोहनाला नाव ठेवले असते तर मला जास्त बरे वाटले असते.

पुरवणी

दोन वर्षे मी एकटीनेच 'दोघी' चालवली. गिऱ्हाईक विचारी, दुसरी कुठे आहे? मी म्हणे, येणार आहे. एका गृहस्थाने डबा खरोखरच कुत्र्यासाठी नेला, आणि पुढच्या महिन्यात स्वतःसाठी आणखी दोन नेले.

२०२४ च्या सप्टेंबरात एके दिवशी सकाळी दाराची घंटा वाजली. दारात नागपूरकरीण, हातात एक पाकीट, आणि तोंडातून शब्द फुटेना. नवऱ्याचे प्रकरण तो टप्पा ओलांडून पुढे गेले होते आणि तिचा कामाचा परवाना आला होता. बँकेच्या कार्डाएवढाच तो तुकडा, वर तिचा फोटो, आणि तिचे नाव. तिचे स्वतःचे.

धंद्यात माणूस वाढला की पुरवणी अर्ज द्यावा लागतो. पुन्हा नोटरी, पुन्हा क्लार्क रस्ता. नोटरीबाई त्याच होत्या. त्यांना मी ओळख करून दिली, “ही दुसरी.” त्यांना कुठून आठवणार! पण त्यांनी शिक्का मारला आणि म्हणाल्या, “अभिनंदन.”

कचेरीत तिला नाव लिहायला सांगितले. तिने सावकाश, फळ्यावर लिहावे तसे, एकेक अक्षर वेगळे काढून नाव लिहिले. खिडकीतल्या मुलीने ते मोठ्याने वाचले आणि चारही अक्षरे चुकीची उच्चारली. “बरोबर,” नागपूरकरीण म्हणाली, “अगदी बरोबर!” तिच्या नवऱ्याने त्या खिडकीपुढे तिचे फोटो काढले, जसे लोक तिथे लग्नाच्या परवान्याचे काढतात.

त्या दिवाळीचा पहिला घाणा तिने तळला. मी शेजारी उभी राहून चिवडा हलवीत होते. मोहन टाकताना तिने माझ्याकडे पाहिले आणि भुवया उडवल्या. मी म्हणाले, “घाल बाई, घाल. आता तुझीही सही आहे.”

पहिल्या हिशेबाचे तिच्या वाट्याचे पैसे मी तिला रोख दिले नाहीत. चेकच दिला, तिच्या नावाचा. तिने तो दोन दिवस देवापुढे ठेवला, मग वटवला. पैठणी या वर्षी नागपूरला पोचली आहे. मोरपंखी रंगाची आहे, आणि तिच्या आईला, म्हणे, काठ जरा मोठा वाटला. म्हणजे नावे ठेवण्याची कला कुठून आली, तेही कळले.